निव्वळ किती?

हुपरीच्या माणसाला वजनात फसवणे महाकठीण. इथे घरोघरी पैंजण घडतात. पोराला पाढे यायच्या आधी टंच कळतो. शंभर ग्रॅमच्या दागिन्यात साठ ग्रॅम चांदी, तर साठ टंच. बाकीचे चाळीस ग्रॅम दुसरा धातू. घेणाऱ्याला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक, रुसवाफुगवा नाही. अशा गावात संगणक आला आणि वजनमापाचा धर्म बुडाला!

खोक्यावर छापलेले ५०० जीबी. विंडोजला विचारावे, तर सगळी डिस्क मिळून ४६५! अजून एक फोटो ठेवलेला नाही, तोवर ३५ जीबींची घट. चोरी कोणीच केलेली नाही. विकणाऱ्याचा जीबी शंभर कोटी बाइटांचा आणि विंडोजचा एकशे सात कोटी सदतीस लाखांचा. काटे दोन, नाव एक. या मोठ्या मापाचे १९९८ साली 'गिबीबाइट' असे रीतसर बारसे झाले. विंडोजने अजून घुगऱ्या खाल्लेल्या नाहीत. ॲपलने मात्र २००९ साली मॅकवर खोक्यावरचेच माप दाखवायला सुरुवात केली. म्हणजे मनात असले की जमते.

आमच्या शेजारच्या अण्णांचा उभा जन्म चांदीकामात गेला. त्यांना हे सांगितले, तर म्हणाले, "मास्तर, एकाच मालाला दोन काटं? आमच्यात असं केलं तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं ऱ्हायचं न्हाई!"

उरलेल्या ४६५ वर तरी आपली सत्ता असावी? छे! झोपी गेलेल्या यंत्राची आठवण ठेवायला एक फाइल, मेमरी कमी पडली तर दुसरी, दोन्ही लपवलेल्या. शिवाय २०१९ पासून नव्या यंत्रांवर सुमारे ७ जीबी विंडोज स्वतःसाठी राखून ठेवते. विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरची तऱ्हा आणखी निराळी. त्यातली एकच फाइल दोन ठिकाणी दोन नावांनी नांदते आणि फोल्डरचे माप काढताना दोनदा मोजली जाते. एकच पैंजण दोन वह्यांत मांडणाऱ्या कारकुनाला आपण काय म्हणतो?

जाणकार म्हणतात, "यंत्रणेला जागा लागणारच!" अहो, कोण नाही म्हणतो? पैंजणातही दुसरा धातू लागतोच. पण त्याला कुणी चांदी म्हणत नाही. ६४ जीबीच्या सर्फेस प्रोत वापरायला सुमारे २३ जीबी उरतात, हे २०१३ साली खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितले. टंच काढा, छत्तीस भरतो!

आणि यात मरतो तो स्वस्तातला फोन घेणारा. यंत्रणा काही गरिबाघरी कमी जेवत नाही. मोठ्या फोनमध्ये तिचा घास दिसतही नाही. लहान फोनमध्ये ती निम्मे ताट उचलते. मग नव्या अपडेटला जागा हवी म्हणून बिचारा नातवाच्या बारशाचे फोटो पुसत बसतो.

आपल्या देशात बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापावे लागते. २०११ चे नियमच आहेत तसे. कागदाचे वजन बिस्किटांत धरता येत नाही. मग हजारोंच्या यंत्राला ही सूट का? खोक्यावर ठळक अक्षरांत एकच आकडा छापा : "गिऱ्हाइकाच्या हाती निव्वळ इतके." तो छापायला लाज वाटत असेल, तर समजावे की टंच कमी आहे.