परक्या मापाचा काटा

विरारच्या पूर्वेकडील मनवेलपाडा ही मुंबईत पोट भरणाऱ्या, पण मुंबईत घर न परवडणाऱ्या माणसांची वस्ती आहे. तेथे पहाटे दिवे लागतात ते गाडी गाठण्यासाठी, आणि रात्री माणसे घरी परततात ती बहुधा उभ्याने प्रवास करून. दिवसाचे तीन-चार तास प्रवासात, आठ-नऊ तास खुर्चीत, दुपारचा डबा घाईत आणि रात्रीचे जेवण झोपेच्या तोंडावर, हा क्रम वर्षानुवर्षे चालतो. अशा जीवनक्रमातून जी व्याधी हळूहळू शरीरात मुरते, तिला आपण व्याधी म्हणतच नाही. तिला आपण ‘अंग सुटणे’ म्हणतो, थट्टेचा विषय करतो आणि भात सोडण्याचा सल्ला देऊन मोकळे होतो.

या वस्तीतील एखादा पंचेचाळिशीचा नोकरदार डोळ्यांपुढे आणावा. त्याची उंची १६० सेंटिमीटर, वजन ८६ किलो. मधुमेह दहा वर्षांचा आणि इन्सुलिन घेऊनही आटोक्यात न येणारा. पथ्य झाले, फिरणे झाले, औषधे बदलून झाली. अखेर डॉक्टर जठराचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. खर्च काही लाखांचा. या गृहस्थाने आरोग्यविम्याचे हप्ते मात्र कधी चुकविलेले नाहीत. रुग्णालय विमा कंपनीकडे पूर्वमंजुरीचा अर्ज पाठविते आणि उत्तर येते की, रुग्ण अटीत बसत नाही. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचे जे माप डॉक्टर वापरतात, तो त्याचा बीएमआय ३३.६ भरतो, अट ३५ ची आहे. या उंचीच्या माणसाला ती पुरी करावयाची तर त्याचे वजन जवळजवळ ९० किलो हवे. म्हणजे त्याचा दोष एवढाच की, तो चार किलोंनी कमी लठ्ठ आहे! हा गृहस्थ कल्पित आहे. हे गणित मात्र खरे आहे, आणि ते एकट्या मनवेलपाड्यापुरते नाही.

ही अट आली कोठून? २०१९ पूर्वी बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत लठ्ठपणावरील उपचार सरसकट वगळलेले असत. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये पॉलिसींतील अपवादांची भाषा एकसारखी करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ते दार किंचित उघडले. त्यानुसार शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, तिला वैद्यकीय संकेतांचा आधार असावा, रुग्णाचे वय किमान १८ वर्षे असावे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा, असे ठरले. बीएमआय ३५ असेल, तर सोबत चारांपैकी एक गंभीर विकार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, झोपेत श्वास अडकण्याची तीव्र व्याधी किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. शिवाय वजन घटविण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असले पाहिजेत. प्राधिकरणाचे हे पाऊल पुरोगामी होते, यात शंका नाही. जो खर्च कोणत्याही परिस्थितीत मिळत नसे, तो निदान काही परिस्थितींत मिळू लागला. प्रश्न आहे तो ज्या आकड्यांवर ही मर्यादा आखली गेली, त्या आकड्यांचा.

४० आणि ३५ हे आकडे भारतीय वैद्यकाला नवे नाहीत. पण ते भारतातलेही नाहीत. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने शस्त्रक्रियेसाठी हेच आकडे सांगितले होते. ते अमेरिकन देहाचा अनुभव समोर ठेवून काढलेले होते. भारतीय देहाची घडण निराळी आहे, हे त्यानंतरच्या काळात निर्विवादपणे सिद्ध झाले, आणि अभिमानाची गोष्ट अशी की, ते सिद्ध करण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालके यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. वजनाने कमी भरणाऱ्या भारतीय बालकाच्या अंगातही चरबीचे प्रमाण अधिक असते, असे त्यांनी दाखविले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एकाच काट्यावर सारखे भरणारे दोन देह आतून किती भिन्न असू शकतात, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकसंख्येसाठी २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ असे निराळे टप्पे विचारात घेण्याची सूचना केली. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी एकत्र येऊन सहमतीने जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात शस्त्रक्रियेसाठी सोबतचे विकार असताना ३२.५ आणि नसताना ३७.५ अशी मर्यादा सुचविली. नियामकाने २०१९ मध्ये अटी लिहिल्या, तेव्हा हे निवेदन दहा वर्षांचे झाले होते. तरीही ४० आणि ३५ हेच आकडे कायम राहिले. पुढे २०२२ साली अमेरिकेतील आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरील शल्यविशारदांच्या संघटनांनी संयुक्तपणे जुने आकडे मोडीत काढले. बीएमआय ३५ असेल तर अन्य विकार असो वा नसो, शस्त्रक्रियेची शिफारस करावी. चयापचयाचा विकार असेल तर ३० पासून तिचा विचार करावा. आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनच ती देऊ करावी, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्या देशात ती मापे ठरली, तेथील शल्यविशारदांनी ती टाकून दिली. आपण मात्र ती विम्याच्या कागदात जपून ठेवली आहेत.

याचा परिणाम उलटा होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. नियम असे सांगतो की, व्याधी पुरती बळावल्याखेरीज पैसे मिळणार नाहीत. चार विकारांच्या यादीत उच्च रक्तदाब नाही, चरबीने सुजलेले यकृत नाही आणि झिजलेले गुडघेही नाहीत. विरारचा पूल चढताना ज्याचा गुडघा बोलतो, त्याला प्रथम हृदयविकार जडावा लागेल किंवा वजन तरी वाढवावे लागेल. आजार वाढविणाऱ्यास मदत आणि वेळीच उपाय शोधणाऱ्यास नकार, ही विम्याची रीत असू शकत नाही. मधुमेहाने मूत्रपिंड निकामी झाले की, त्याच रुग्णाच्या डायलिसिसचे आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेचे बिल हीच कंपनी भरणार आहे. स्वीडनमध्ये दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण तशाच, पण शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांपेक्षा सुमारे चतुर्थांशाने कमी असल्याचे त्यातून दिसले. तेव्हा हा खर्च निव्वळ औदार्याचा ठरत नाही. तो हिशेबाचाही आहे.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. विमा हा अनेकांच्या पैशाचा सामाईक साठा असतो आणि दार सताड उघडले, तर सर्वांचेच हप्ते वाढतील, अशी भीती त्या व्यक्त करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष वजनाने प्रमाणाबाहेर होते. हा आकडा पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. शिवाय ही शस्त्रक्रिया म्हणजे जादू नव्हे. तिच्यात धोके आहेत, तिच्यानंतर जन्मभर पथ्य आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या सांभाळाव्या लागतात, आणि सौंदर्यासाठी चरबी काढून घेणाऱ्या हौशी मंडळींना तिच्या नावाखाली सवलत मिळता कामा नये. परंतु या भीतीवरचा उपाय योग्य रुग्ण निवडण्याचा आहे. चुकीच्या मापाने योग्य रुग्णाला बाहेर काढल्याने साठ्याचे रक्षण होत नाही. खर्च पुढे ढकलला जातो, आणि पुढे तो वाढतो.

आकड्यांइतकीच अडचण अटीच्या संदिग्ध भाषेची आहे. ‘सौम्य उपाय निष्फळ ठरल्यानंतर’ हे शब्द लिहिताना किती महिने आणि कोणाच्या देखरेखीखाली, पुरावा कोणता, याचा खुलासा नियमात केलेला नाही. घरच्या घरी भाकरी मोजून खाणाऱ्या आणि तलावाभोवती पहाटे फेऱ्या मारणाऱ्या माणसाजवळ त्याचा कागद नसतो. आणखी एक विसंगती पाहा. यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस रुग्णाला अत्यल्प आहारावर ठेवतात. त्यात वजन उतरते. दाखल होण्याच्या दिवशीचा काटा प्रमाण मानला, तर काठावरचा रुग्ण डॉक्टरांची आज्ञा पाळल्याबद्दलच अपात्र ठरेल! वजन कोणत्या दिवशीचे धरावयाचे, एवढे साधे वाक्य नियमात घालणे अवघड नाही.

या साऱ्याच्या मुळाशी एक जुना समज आहे. लठ्ठपणा हा आळसाचा आणि जिभेच्या लाडाचा परिणाम, म्हणून त्याचे प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यावे, असे आपण मनोमन मानतो. २०१७ साली मुंबईत बंदोबस्तावरील म्हणून एका पोलीस अधिकाऱ्याच्या छायाचित्राची जाहीर टवाळी झाली. अधिकारी मध्य प्रदेशातील निघाले, त्यांनी आपला देह आजाराने असा झाल्याचे सांगितले, आणि पुढे मुंबईतच त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. आपल्या वसईतील एका महिलेचे वजन तीनशे किलोच्या घरात होते. शस्त्रक्रियांनंतर ते शंभराच्या आत आल्याची वार्ता २०१९ साली वृत्तपत्रांतून आली. अशा बातम्या आपण नवल म्हणून वाचतो. नवलापर्यंत न पोहोचलेली, ९० किलोंची आणि १०० किलोंची माणसे आपल्या जिन्यात राहतात. त्यांची बातमी होत नाही आणि त्यांचा अर्जही मंजूर होत नाही.

नियम बदलेपर्यंत रुग्णाने हताश होऊन बसण्याचे मात्र कारण नाही. २०१९ ची भाषा ही किमान मर्यादा आहे. एखादी कंपनी तिच्याहून उदार अट घालू शकते, म्हणून पॉलिसी घेतानाच ते कलम आणि प्रतीक्षाकाल वाचून घ्यावा. उंची-वजनाच्या नोंदी, मधुमेहाचे अहवाल, झोपेच्या तपासणीचा निष्कर्ष, आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून तारखेनिशी जपाव्यात. २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय दिला पाहिजे, आणि दावा फेटाळावयाचा तर तो कंपनीच्या समितीपुढे गेला पाहिजे. नकार लेखी मागावा आणि कोणत्या कलमाखाली तो आला, हे विचारावे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही. कंपनीचा नकार हाती आल्यापासून वर्षाच्या आत मात्र गेले पाहिजे. पालघर जिल्ह्यासाठी हे कार्यालय आता ठाण्यात आहे.

पण एकेकट्या रुग्णाने कागद घेऊन ठाण्याला खेटे घालावेत, हा कायमचा उपाय होऊ शकत नाही. नियामक प्राधिकरणाने तीन गोष्टी करावयास हव्यात. भारतीय तज्ज्ञांनी सांगितलेली मर्यादा स्वीकारावी. सोबतच्या विकारांची यादी आजच्या ज्ञानानुसार वाढवावी. आणि निष्फळ उपायांचा पुरावा व वजनाचा दिवस नेमक्या शब्दांत सांगावा. यासाठी नवे संशोधन लागणार नाही. ते पुण्यात होऊन पुष्कळ वर्षे लोटली आहेत.

बाजारात दुकानदाराचा काटा खोटा निघाला, तर वैधमापन खात्याचा निरीक्षक तो जप्त करतो. विम्याच्या दुकानात परक्या मापाचा काटा खुशाल चालू आहे आणि त्यावर माणसांचे आयुष्य तोलले जात आहे. तो बदलण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, त्यांनी आणखी वाट पाहू नये.