बॅरी गोल्डवॉटर : तत्त्वनिष्ठेची किंमत

अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाला आजचे उजवे रूप रोनाल्ड रेगन यांनी दिले असे सर्रास मानले जाते. परंतु त्याची पायाभरणी १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत दारुण पराभव पत्करलेल्या बॅरी गोल्डवॉटर यांनी केली होती, आणि या नेत्याचे मोठेपण व त्यांच्या हातून झालेला सर्वांत गंभीर अन्याय ही दोन्ही एकाच तत्त्वनिष्ठेतून उपजली, हे त्यांचे चरित्र वाचताना सतत जाणवत राहते.

त्यांचा जन्म १९०९ साली फिनिक्स येथे झाला, तेव्हा ॲरिझोनाला राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता. पोलंडमधून आलेल्या ज्यू आजोबांनी उभारलेला दुकानदारीचा व्यवसाय, दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकाची नोकरी आणि फिनिक्सच्या नगर परिषदेतील कारकीर्द यांनंतर १९५२ मध्ये ते सिनेटवर, म्हणजे प्रत्येक राज्याला दोनच जागा असणाऱ्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून आले. १९६० साली त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या आणि ब्रेंट बोझेल यांनी शब्दबद्ध केलेल्या ‘द कॉन्शन्स ऑफ अ कन्झर्व्हेटिव्ह’ या छोट्या पुस्तकाने त्यांचा पुराणमतवाद देशभर पोहोचवला. राज्यघटनेने वॉशिंग्टनच्या सरकारला जेवढे अधिकार स्पष्टपणे दिले आहेत तेवढेच त्याने वापरावेत, उरलेले राज्यांकडे व नागरिकांकडे राहावेत, हे त्या विचाराचे सूत्र होते.

या सूत्राची खरी कसोटी जून १९६४ मध्ये लागली. वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात गोल्डवॉटर यांनी मत दिले. ते स्वतः वंशद्वेष्टे नव्हते. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता आणि ॲरिझोनाच्या हवाई दलीय नॅशनल गार्डमधील वंशविभाजन संपवण्यात त्यांचा पुढाकार होता. मात्र उपाहारगृहे, हॉटेले आणि खासगी नोकऱ्या यांमधील भेदभाव रोखण्याचा अधिकार घटनेने केंद्राला दिलेलाच नाही, असा त्यांचा आग्रह होता. हा युक्तिवाद कागदावर सुसंगत असला तरी मिसिसिपीसारख्या राज्यात, जिथे बहुसंख्य कृष्णवर्णीयांना मतदार म्हणून नोंदच करू दिली जात नव्हती, तिथे प्रश्न राज्यावर सोपवणे म्हणजे तो अन्याय करणाऱ्यांच्याच हाती देणे होते.

नोव्हेंबरमधील अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार लिंडन जॉन्सन यांना ४८६ निर्वाचक मते, म्हणजे राज्यनिहाय निकालावरून ठरणारी अध्यक्षीय मते, मिळाली आणि गोल्डवॉटर यांना अवघी ५२. त्यांनी जिंकलेल्या सहा राज्यांपैकी ॲरिझोना सोडता बाकीची पाचही खोल दक्षिणेतील होती, आणि मिसिसिपीत तर त्यांना सुमारे ८७ टक्के मते पडली. दक्षिणेतील गोरा मतदार रिपब्लिकन पक्षाकडे वळू शकतो हे या निकालाने दाखवून दिले. त्याच प्रचारात गोल्डवॉटर यांच्या बाजूने दूरचित्रवाणीवरून केलेल्या भाषणामुळे रेगन हे नाव राजकारणात आले.

१९६८ मध्ये पुन्हा सिनेटवर निवडून आलेल्या गोल्डवॉटर यांनी तत्त्वापुढे पक्षाचीही पर्वा केली नाही. ७ ऑगस्ट १९७४ रोजी रिपब्लिकन नेते ह्यू स्कॉट व जॉन ऱ्होड्स यांच्यासह ते आपल्याच पक्षाचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना भेटले आणि महाभियोगातून वाचवण्याइतके पाठबळ सिनेटमध्ये उरलेले नाही हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. दुसऱ्याच दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. पुढे राजकारणावर धार्मिक गटांनी मिळवलेल्या पकडीवर त्यांनी कडाडून टीका केली आणि १९९३ मध्ये समलिंगी व्यक्तींना सैन्यात उघडपणे सेवा करू देण्याची बाजू घेतली.

१९९८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार सोडला नाही, आणि त्यांचे हे धैर्य आदरास पात्र आहे. तथापि स्वातंत्र्य हिरावून घेणारे हात वॉशिंग्टनबाहेरही, राज्यांच्या राजधान्यांत आणि गावोगावच्या मतदार नोंदणी कार्यालयांत, असू शकतात, हे १९६४ च्या त्या मतदानात त्यांनी जमेस धरले नाही. म्हणून ते मत चुकीचेच ठरते.