एकतंत्री कारभाराचे मोल

मोठ्या उद्योगाचा कारभार एकाच्या हुकमतीने चालावा की अनेकांच्या विचाराने, हा प्रश्न केवळ भांडवलदारांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. बंदर, कारखाने व विमानतळ यांच्या आधारावर ज्या मुरगाव तालुक्यातील असंख्य चुली पेटतात, तेथील विद्यार्थ्यांनी तर त्याचा विचार अवश्य करावा.

आपल्या दाबोळीच्या विमानतळावर जेट एअरवेजची विमाने वर्षानुवर्षे उतरत होती. 1993 साली उड्डाणे सुरू करणाऱ्या या कंपनीची सूत्रे मार्च 2019 पर्यंत संस्थापक नरेश गोयल यांच्याच हाती होती. त्यांच्या धडाडीनेच ती वाढली, हे नाकारता येणार नाही. परंतु 2007 साली 1450 कोटी रुपयांस घेतलेली एअर सहारा डोईजड झाली, कर्ज साचत गेले आणि 17 एप्रिल 2019 रोजी शेवटचे विमान उडून हजारो कर्मचारी बेकार झाले. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. इंधनाची महागाई व स्वस्त दराच्या कंपन्यांची चढाओढ हीही कारणे होतीच. पण त्याच आकाशात, त्याच महागाईत इतर कंपन्या तगल्या, हे विसरता कामा नये.

एकतंत्री कारभाराचा धोका भरभराटीच्या काळात दिसत नाही. निर्णय झटपट होतात, यशही मिळते. मात्र वरिष्ठांस रुचेल तेवढेच सांगण्याची सवय हाताखालच्यांस जडते. स्पष्टवक्ते निघून जातात, होयबा उरतात. उत्तराधिकारी तयार होत नाही. वडाच्या दाट सावलीत दुसरे झाड वाढत नाही, तसेच हे. मग संकट आले की सावध करणारा कोणी उरलेला नसतो, आणि धन्याच्या चुकीचे प्रायश्चित्त चाकरांच्या मुलाबाळांस भोगावे लागते.

गोव्याला याहून निराळी परंपरा आहे. आपल्या गावकारी संस्थांत गावकार एकत्र बसून शेतीचे, बांधांचे निर्णय घेत. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालात या रीतिरिवाजांची नोंद केली. त्या संस्थाही निर्दोष नव्हत्या, सर्वांस तेथे स्थान नव्हते; तरी खाजनाचा बांध एकाच्या मर्जीवर सोडू नये, एवढे शहाणपण त्यांत होते.

विद्यार्थिमित्रांनो, उद्या तुमच्यांपैकी कोणी अधिकारी होतील, कोणी कारकून. अधिकाऱ्याने ‘नाही’ ऐकण्याची आणि कारकुनाने ते नम्रतेने, पण निर्भयपणे बोलण्याची सवय आजच, वर्गाच्या नि स्नेहसंमेलनाच्या कामांतून लावून घ्यावी, एवढीच आमची अपेक्षा.