पैलवानाचा खुराक आणि लेकीचं ताट

खासबागेत कुस्ती ठरली की आपल्या कोल्हापुरात पैलवानाच्या खुराकाची चर्चा पेठेपेठेत होते. दूध किती, बदाम किती, सगळ्यांना तोंडपाठ! त्याच पेठेत एखादी सतरा वर्षांची मुलगी दिवसाला एका भाकरीवर आली, तर लोक म्हणतात, 'पोरगी संयमी आहे हो.'

ॲनोरेक्सिया हा आजार अशा कौतुकाच्या आडोशानं वाढतो. यात भूक नसते असं नाही. भूक लागते, ती मारली जाते. १८७३ मध्ये लंडन आणि पॅरिसच्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून तो गोऱ्या, श्रीमंत मुलींचा आजार असा समज रुजला. पण १९९० च्या दशकात हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी दाखवून दिलं की लठ्ठपणाची भीती न बोलताही मुली अन्न तोडतात. 'पोट फुगतं', 'जेवण जात नाही' अशी कारणं त्या देतात. आपल्याकडे आणखी एक कारण आयतं मिळतं : उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस. मुलीला सबब शोधावी लागत नाही, ती आपणच तिच्या ताटात वाढतो.

म्हणूनच या आजारावर कुणी 'नैसर्गिक उपाय' सुचवला की सावध राहायला हवं. १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेनं उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. निसर्गोपचाराविषयी आपल्या मनात आदर आहे आणि तो असावा. पण त्याचं एक मुख्य साधन लंघन. जी आधीच उपाशी आहे तिला लंघन, पोट साफ करणारी चूर्णं किंवा नुसते रस देणं म्हणजे आगीत तेल. नाडी मंदावलेल्या मुलीला सूर्यनमस्कार घालायला लावणंही धोक्याचंच.

मग घरात करण्यासारखं काहीच नाही का? आहे. या आजाराचं पहिलं औषध अन्नच आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. ते उदास, चिडचिडे झाले, सतत अन्नाचाच विचार करू लागले. उपासमार मनही पोखरते. पोटात अन्न नसताना नुसत्या समुपदेशनानं भागत नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात पुढे आलेली पद्धत सांगते, की आई-वडिलांनी दोष न देता काही काळ मुलीच्या जेवणाची जबाबदारी घ्यावी. ठरल्या वेळी जेवण, मधलं खाणं, कुणीतरी शेजारी बसलेलं, वजनाच्या गप्पा बंद. योगासनं, फिरणं हे सगळं तब्येत सावरल्यावर, डॉक्टरांना विचारून. त्यांची जोड मिळते, पण ती जेवणाची जागा घेत नाहीत.

'आई-वडिलांनी' असं मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे ही जबाबदारी एकट्या आईवर पडते आणि मुलगी खंगली की दोषही तिलाच. जी आई सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खाते, तिच्या 'पोटभर जेव' या शब्दाला घरात वजन कुठून येणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर पाच स्त्रियांमागे एक उंचीच्या मानानं कमी वजनाची आढळली. हा सगळा ॲनोरेक्सिया नव्हे. गरिबीही त्यात आहे. पण बाईनं कमी खाण्यात कुणाला वावगं वाटत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

आणि काही गोष्टी घरात निस्तरायच्या नसतात. चक्कर, बेशुद्धी, मंद नाडी, बंद झालेली पाळी ही लक्षणं दिसली की थेट डॉक्टर गाठा. फार दिवस उपाशी असलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घालू नका. रक्तातले क्षार ढळून हृदयावर बेतू शकतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा हक्क आहे, तेव्हा सीपीआरमध्ये जायला लाजू नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

आपल्या गटांनी एवढं तरी करावं. बैठकीत कुणाच्या बारीक होण्याचं कौतुक करू नये. येत्या नवरात्रात आजारी, गरोदर, खंगलेल्या बाईचा उपवास गटातल्या बायकांनीच सोडवावा. आणि रात्रीचं जेवण घरातल्या पुरुषांसह एकाच पंगतीत, आईचं पानही त्याच वेळी, असा आग्रह धरावा. भांडण होईल. होऊ द्या.