तार एकच, पण वाटा तीन



परभणी जिल्ह्यातील टेलिफोन-इंटरनेटविषयीच्या गेल्या अंकातील पत्रात एक जुना समज पुन्हा डोकावला: फोन वाजला की तारेवरचे इंटरनेट तुटणारच. डायल-अपच्या काळात हे खरे होते. तेव्हाचा मोडेम बोलण्याचीच जागा अडवी आणि वेग सेकंदाला ५६ किलोबिटच्या पुढे जात नसे.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने 'डेटावन' ही एडीएसएल तंत्रावरची ब्रॉडबँड सेवा आणली, तेव्हा तांब्याची जोडी तीच राहिली. बदलली ती दोन्ही टोकांची यंत्रे. माणसाचे बोलणे ३०० ते ३४०० हर्ट्‌झमध्ये मावते. एडीएसएल त्याच्या वरचा पट्टा वापरते: साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्‌झ माहिती पाठवायला, त्यापुढे ११०४ पर्यंत ती घ्यायला. 'लाइन', 'फोन', 'मोडेम' अशा तीन खाचांची स्प्लिटरची डबी आवाज वेगळा काढते. आतल्या खोलीतला जादा फोन ही डबी टाळून जोडला, की खरखर सुरू आणि नेट गायब! दोष तारेच्या माथी मारला जातो, तो असा.

लांबच्या वस्त्यांना वेग मिळत नाही, ही पत्रलेखकांची तक्रार मात्र रास्त आहे. उच्च वारंवारता तांब्यात लवकर विरते. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरवर वेग पार ढासळतो. परभणी शहरात एक्स्चेंजलगतच्या घराला जे मिळे, ते पालम-सोनपेठकडच्या लांबच्या शेतवस्तीला त्याच उपकरणावर मिळणे शक्य नव्हते. त्यात पावसाळ्यात जोडांत पाणी शिरते. तिथे मोडेम बदलून उपयोग नाही, जोड नव्याने बांधावे लागतात किंवा सरळ फायबर ओढावी लागते.