गोधडीचा वर्ग आणि कडेवरचे मूल

स्त्रियांच्या गोधडीच्या बैठकीस किंवा शिवणवर्गास येताना मुलांस बरोबर आणू द्यावे की नाही, हा प्रश्न दिसण्यात लहान आहे. तथापि चांगल्या चाललेल्या बैठकीत रुसवेफुगवे उत्पन्न करण्यास तो पुरेसा होतो. आणि एकदा रुसून घरी बसलेली बाई पुन्हा येतेच असे नाही. म्हणून त्याचा शांतपणे विचार केलेला बरा.

अक्कलकोटचेच उदाहरण घेऊ. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरील या गावी मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा एकाच आळीत ऐकू येतात. मराठी घरातील गोधडी किंवा वाकळ ती कानडी घरातील कौदी, वस्तू एकच. पूर्वी ही विद्या शिकण्यास वर्ग लागत नसे. पडवीत अगर माजघरात जुनी लुगडी व धोतरे एकावर एक पसरावयाची, ती ताणून आधी लांब कच्चे टाके घालावयाचे आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावयाचे, असा हा उद्योग. आजी, सुना, लेकी चारी बाजूंनी बसत. मुलेही तेथेच असत. आजीला सुईचे नेढे दिसेनासे झाले की नातवंड दोरा ओवून देई, आणि पाहता पाहता टाका शिके. पुढे सोलापूरच्या मागांवरील चादर घरोघर आली, एकत्र घरे पांगली, आणि ही विद्या माजघरातून वर्गात गेली. प्रश्न तेथून सुरू झाला. वर्गाला दार असते, आणि दार म्हटले की आत कोण व बाहेर कोण हे ठरवावे लागते.

मुले नकोत असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. ताणून पसरलेल्या थरांवरून एक पोर धावले की तासाभराच्या कामावर सुरकुत्या पडतात. सुया, टाचण्या, कात्र्या जमिनीवरच असतात, आणि रांगते मूल दिसेल ती वस्तू तोंडात घालते. शिवाय जिला दिवसाकाठी हे दोनच तास स्वतःचे मिळतात, तिने ते दुसरीच्या मुलाच्या रडण्यात का घालवावेत? घरी मूल ठेवण्यासाठी सासूबाईंची मिनतवारी करून आलेल्या बाईला हा अन्याय वाटल्यास नवल नाही.

परंतु दाराबाहेर ठेवलेले मूल जाते कोठे? ज्या घरी आजी, काकू, आत्या आहेत तेथे उत्तर सोपे आहे. जेथे नाहीत तेथे बहुधा दोनच वाटा उरतात. एक तर आईच येत नाही. नाही तर मूल थोरल्या बहिणीच्या कडेवर जाते आणि तिची शाळा बुडते. आईच्या हाती सुई देण्यासाठी मुलीच्या हातची पाटी काढून घेणाऱ्या वर्गास स्त्रीशिक्षणाचे साधन कसे म्हणावे?

ही अडचण ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी ओळखली होती. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, आणि अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. पाड्यांवरील मुली धाकटी भावंडे सांभाळण्यात अडकल्यामुळे शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलींस दोष दिला नाही. धाकट्यांचीच सोय शाळेजवळ केली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची जी सांगड घातली गेली, तिचे मर्म हेच होय. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली असावी असे ठरविले, आणि १९७६ साली ही मर्यादा तीसवर आणली. यंत्राजवळ मूल नको, हे कायद्यास मान्य होते. म्हणून आईच नको, असे त्याने म्हटले नाही.

आमचे मत असे की, या प्रश्नाचा निकाल मुलांच्या वयाप्रमाणे लावावा. अंगावर पिणारे मूल आईजवळच असावे; त्यास कोणत्याही नियमाने अडवू नये. रांगत्या वयापासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना कामाच्या जागी येऊ देऊ नये, परंतु त्याच छपराखाली एक खोली अगर पडवी त्यांच्यासाठी राखावी. तेथे पाळीपाळीने एकीने बसावे, आणि ही पाळी ज्यांची मुले येतात त्यांचीच असावी. पाळीमुळे जिचा धडा बुडेल तिला शिकविणाऱ्या बाईंनी पुढच्या खेपेस तो आधी दाखवावा. सात-आठ वर्षांवरील मुलास, मग तो मुलगा असो वा मुलगी, एक बोथट सुई व दोन चिंध्या द्याव्यात. हाताला काम मिळाले की पुष्कळशी मुले धावणे विसरतात. शिवाय आठवड्यातील एक बैठक केवळ मोठ्यांची ठेवावी, म्हणजे ज्यांना निवांतपणा हवा त्यांचाही हक्क राहील.

मात्र सारा भार वर्गावर टाकून घराने मोकळे होऊ नये. दोन तास मूल सांभाळणे हे वडिलांना किंवा आजोबांना न जमणारे काम नव्हे. सून वर्गाला जाते याचे चारचौघांत कौतुक करणाऱ्या घराने, तेवढा वेळ तिचे मूल कोण घेतो, याचेही उत्तर तयार ठेवावे.

आणि वर्ग चालविणाऱ्या भगिनींस एक विनंती. 'मुलांना आणू नये' अशी पाटी दारावर लावण्यापूर्वी, ज्या येईनाशा झाल्या आहेत त्यांपैकी दोघीतिघींच्या घरी जाऊन कारण विचारावे. ते कारण त्यांच्या कडेवरच बसलेले आढळले, तर पाटीऐवजी पडवीत एक सतरंजी घालावी.