शेणखत घेण्यापूर्वी चार दाणे पेरावेत

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, भाताची कापणी झाली की शेतात उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची रीत आहे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. घरात कडधान्य येते, आणि वालाच्या मुळांवरील गाठींतून जमिनीस नत्रही मिळते. देशावर याच हेतूने ताग किंवा धैंचा पेरून तो फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडतात. एडिनबरा येथे नगर परिषद नागरिकांना बागेचे तुकडे भाड्याने देते. त्यांस अलॉटमेंट म्हणतात. इन्व्हर्लीथ काय किंवा मिडमार काय, तेथे हिवाळ्यापूर्वी क्लोव्हर, व्हेच अथवा राय पेरतात, त्यामागचा विचारही हाच. उघडी माती पावसाने धुपू नये, आणि वसंत ऋतूत तेच पीक खणून मातीत मिसळावे.

परंतु कधी कधी हे पीक नीट उगवत नाही. क्लोव्हर पिवळे पडते, व्हेचचे शेंडे पिळवटतात, पाने द्रोणासारखी आत वळतात. अशा वेळी बियाण्यास किंवा थंडीस बोल लावला जातो, व पुष्कळदा तो योग्यही असतो. तथापि तिसरे एक कारण संभवते, आणि ते आपण स्वतःच पैसे मोजून बागेत आणलेले असते. ते कारण म्हणजे खतातून आलेले तणनाशक.

२००८ सालच्या उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये ठिकठिकाणच्या बागाइतदारांनी तक्रारी केल्या की, चांगले कुजलेले शेणखत घालूनही बटाटे, टोमॅटो व शेंगभाज्या वेड्यावाकड्या वाढत आहेत. शोध घेता अमिनोपायरॅलिड या तणनाशकाचे नाव पुढे आले. कुरणातील रुंद पानांचे तण मारावे व गवत राखावे, यासाठी ते फवारतात. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची विक्री थांबविण्यात आली. पुढे २००९ साली, फवारलेल्या कुरणावर चरलेल्या जनावरांचे खत शेताबाहेर जाऊ नये अशा प्रकारच्या अटी घालून, ते पुन्हा वापरात आले.

हे घडते कसे, ते पाहू. फवारलेल्या गवताच्या पेंढ्या होतात. त्या घोडा किंवा गाय खाते. हे द्रव्य जनावराच्या पोटातून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते व लीद-शेणात उतरते. गवताच्या काडीत ते घट्ट धरून राहते आणि काडी कुजू लागली म्हणजे मोकळे होते. वनस्पतीच्या वाढीचे नियमन करणाऱ्या नैसर्गिक रसाची ते नक्कल करते. म्हणून रोप एकदम न मरता विकृत वाढते. अब्जात काही थोडे भाग एवढ्या अल्प प्रमाणातही शेंगवर्गीय रोपे त्यास दाद देतात. क्लोव्हर, व्हेच आणि आपला वाल हे सारे याच कुळातले. राय हे गवत असल्याने मात्र हिरवेगार राहते. एकाच वाफ्यात राय तरारलेली व व्हेच पिळवटलेली दिसली, तर संशयास जागा आहे असे समजावे.

मातीतील सूक्ष्म जीव हे द्रव्य हळूहळू मोडून टाकतात. पण हे काम उबदार मातीत लवकर होते, गार मातीत मंदावते. आणि एडिनबऱ्याचा हिवाळा लांब. खताच्या ढिगात तर मातीशी संबंध न आल्याने ते दीर्घकाळ टिकून राहते. धान्याच्या शेतातील तणनाशकांचीही अशीच कथा. मेटसल्फ्यूरॉनच्या वर्गातील औषधे चुनखडीच्या, अल्कधर्मी जमिनीत अधिक रेंगाळतात, आणि त्यानंतर पेरलेल्या क्लोव्हर किंवा मोहरीस बाधतात. म्हणूनच अशा औषधांच्या वेष्टनावर, पुढे कोणते पीक कधी पेरावे, हे छापलेले असते.

परंतु वेष्टन शेतकऱ्यापाशी राहते. खत मात्र हातोहात पुढे जाते. शेतकऱ्याने गवत विकले, तबेलेवाल्याने लीद दिली, आपण ती बागेत पसरली. यांत कोणाच्याही मनात कपट नसते, तरी सांगावयाची गोष्ट वाटेत कोठेतरी गळून पडते. शहराच्या पश्चिमेस सासा नावाची स्कॉटिश सरकारची संस्था आहे. शेतांत कोणती औषधे किती वापरली जातात, याच्या पाहण्या ती प्रसिद्ध करते. पण त्या साऱ्या स्कॉटलंडच्या. आपल्या फाटकाशी येऊन पडलेल्या एका गाडीभर खताचा पूर्वेतिहास त्यांत कसा सापडणार?

सबब दोन गोष्टी कराव्यात. पहिली, खत घेताना स्पष्ट विचारावे : या जनावरांनी खाल्लेल्या गवतावर काय फवारले होते? दुसरी, ढिगाच्या चार-पाच ठिकाणांहून थोडे थोडे खत घेऊन ते कुंडीच्या मातीत मिसळावे व तीन कुंड्या भराव्यात. आणखी तीन कुंड्या त्याच मातीच्या, पण खताविना. प्रत्येकीत ब्रॉड बीनचे चार दाणे पेरावेत. एकीचे पाणी दुसरीत जाऊ नये म्हणून खाली वेगवेगळ्या बशा ठेवाव्यात. सुमारे महिन्याने पानांची तुलना करावी. हे काम घरातील मुलांकडे सोपवावे. मोजणे, नोंद ठेवणे आणि निष्कर्ष काढण्याची घाई न करणे, हे तीन धडे एका खर्चात होतात.

खत दूषित निघाल्यास ते परत न्यावयास सांगावे; नगर परिषदेच्या हिरव्या कचऱ्यात मात्र टाकू नये, नाही तर आपली पीडा दुसऱ्याच्या वाफ्यात जाईल. ते मातीत मिसळून गेले असल्यास ती जमीन वरचेवर खणून मोकळी करावी, शेंगवर्गीय पीक लांबणीवर टाकावे, आणि कुंडीतील दाणे सरळ वाढू लागेपर्यंत धीर धरावा. दरम्यान तेथे राय पेरण्यास हरकत नाही. फक्त ती कापून दुसऱ्या वाफ्यात घालू नये.

बागेचा तुकडा मिळण्यासाठी या शहरात कुटुंबांना वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागते. इतक्या प्रतीक्षेने लाभलेल्या मातीसाठी महिनाभर थांबणे, ही आमच्या मते फार मोठी किंमत नव्हे.